किचन, डिंक आणि लोणचं : चला, पिकलबॉल बोलूया!

माहीत आहे का? मीरा रोडला १४० चौरस फुटांचं किचन मिळतं, आणि तेही तासाच्या भाड्याने!

थांबा, ब्रोकरला फोन लावू नका. या किचनला ना ओटा, ना सिंक, ना चिमणी. हे किचन पिकलबॉलच्या कोर्टवर असतं. नेटच्या अलीकडे सात फूट, पलीकडे सात फूट आणि रुंदी वीस फूट. सात गुणिले वीस, झाले १४०. दोन्ही बाजू धरल्या तर २८०! आणि अख्खं कोर्ट ४४ बाय २०, म्हणजे ८८० चौरस फूट. शांतीनगरपासून कनकियापर्यंत कुणालाही विचारा, एवढ्या जागेत चौकोनी कुटुंब आरामात नांदतं. पिकलबॉलच्या डबल्समध्येही माणसं चारच!

बॉक्स क्रिकेटच्या टर्फशेजारी आता या खेळाची निळी-हिरवी कोर्टं दिसू लागली आहेत. पॅडल, म्हणजे इथली बॅट, धरणं पाच मिनिटांत जमतं. पण आजूबाजूचे बोलतात काय? ‘डिंक कर, डिंक!’ ‘अरे, किचन!’ ‘झिरो-झिरो-टू!’ ‘काय एर्न मारलास!’ नवख्याला वाटतं, आपण चुकून दुसऱ्याच ग्रहावर उतरलो.

म्हणून हा क्रॅश कोर्स. माझं ठाम मत आहे : पिकलबॉलचे नियम पाठ करत बसू नका, शब्द शिका. इथल्या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक नियम, एक किस्सा किंवा एक अख्खा माणूस लपलेला आहे.

किचन : या, पण जपून!

किचनचं कागदोपत्री नाव ‘नॉन-व्हॉली झोन’. व्हॉली म्हणजे टप्पा पडायच्या आत हवेतच मारलेला चेंडू. किचनमध्ये उभं राहून व्हॉली मारायची नाही, बस्स! ही बंदी नसती तर एखादा उंचपुरा गडी नेटला चिकटून उभा राहिला असता आणि धपाधप स्मॅश मारत सुटला असता. रॅली रंगणार कशी?

एक गैरसमज आधीच खोडून काढूया. किचनमध्ये जायला बंदी नाही. हवं तेव्हा जा, तिथे टप्पा पडलेला चेंडू खुशाल मारा. फक्त हवेतला सोडा.

आता गंमत ऐका. व्हॉली मारताना तुमची टोपी उडून किचनमध्ये पडली? फॉल्ट! गॉगल पडला? फॉल्ट! किचनबाहेरून भन्नाट व्हॉली मारली, समोरच्याला चेंडू दिसलासुद्धा नाही, पण त्याच झोकात तुमचं पाऊल आत पडलं? तरीही फॉल्ट! चेंडू ‘डेड’ झाला असला तरी सुटका नाही. आणि हो, किचनची रेषासुद्धा किचनचीच. व्हॉली मारताना तिच्यावर बुटाचं टोक टेकलं तरी रॅली हातची गेली.

हे नाव आलं कुठून? बहुधा शफलबोर्डमधून. त्या खेळात गुण वजा होणाऱ्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात.

डिंक : लाडवाचा नव्हे!

बाळंतिणीला ताकद देणारा आपला डिंक वेगळा. या डिंकमध्ये ताकद लावायचीच नसते!

किचनच्या रेषेमागे उभं राहायचं आणि चेंडू नेटच्या जेमतेम वरून, अलगद, समोरच्याच्या किचनमध्ये टाकायचा. हा झाला डिंक. तो किचनमध्ये पडतो, म्हणून समोरच्याला आत शिरून व्हॉली मारता येत नाही. टप्पा पडल्यावर इतका खाली राहतो की स्मॅशही जमत नाही. मग तोही डिंक करतो. तुम्ही पुन्हा डिंक. तो पुन्हा डिंक. बघणाऱ्याला वाटतं, हे काय चाललंय? खेळणाऱ्याचा जीव मात्र टांगणीला! कुणाचा चेंडू बोटभर उंच जातो, त्याचीच वाट दोघं बघत असतात.

टिप हवी? तिरका डिंक मारा. नेट कडेला ३६ इंच उंच असतं, पण मधोमध ३४ इंच. दोन इंचांची सूट आणि तिरक्या रेषेत अंतरही जास्त. नवख्याला याहून मोठं डिस्काउंट कुठे मिळणार?

सतत जोरात मारणाऱ्याला म्हणतात ‘बँगर’. बँगरला घाबरू नका. त्याचे बरेच चेंडू आउट जात असतात. छातीच्या उंचीने सुसाट येणारा चेंडू दिसला की सरळ बाजूला व्हा आणि मागे टप्पा कुठे पडतो ते बघा.

वन टप्पा? नाही, टू टप्पा!

गल्ली क्रिकेटमधला ‘वन टप्पा आउट’ आठवतोय? पिकलबॉलमध्ये टप्प्यांचा हिशेब दोनचा. सर्व्हिसचा एक टप्पा पडू द्यायचा. परतून आलेल्या चेंडूचाही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर खुशाल हवेत मारा. याला म्हणतात ‘टू-बाउन्स रूल’.

या साध्या नियमामुळे काय घडतं माहीत आहे का? सर्व्हिस करणारे दोघं मागे अडकून पडतात, कारण त्यांना टप्प्याची वाट बघायची असते. समोरचे दोघं मात्र तोवर किचनच्या रेषेवर येऊन ठाण मांडतात. टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याची चलती, इथे उलटी गंगा!

मग मागच्यांनी पुढे यायचं कसं? तिसऱ्या फटक्यावर. चेंडू उंच कमानीत उचलून अलगद समोरच्या किचनमध्ये सोडायचा आणि तो खाली येईपर्यंत आपण पळत पुढे यायचं. हा ‘थर्ड शॉट ड्रॉप’. बरेच कोच सांगतात की खरा पिकलबॉल इथून सुरू होतो. ज्याला हा जमला, त्याला जोडीदार शोधावा लागत नाही.

‘झिरो-झिरो-टू’ हा कुठला पासवर्ड?

सर्व्हिसआधी स्कोअर मोठ्याने म्हणायचा असतो, आणि डबल्समध्ये तो तीन आकड्यांचा. पहिला आकडा आपला, दुसरा समोरच्यांचा, तिसरा सर्व्हरचा. ‘सात-पाच-एक’ म्हणजे आमचे सात, तुमचे पाच आणि आमच्यातला पहिला सर्व्हर सर्व्हिस करतोय. दोघांच्याही सर्व्हिस गेल्या की ‘साइड आउट’. सर्व्हिस समोर गेली. आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यांनाच मिळतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. ११ पॉइंटचा गेम, पण दोनची आघाडी हवी.

आता प्रश्न असा की गेमची सुरुवातच ‘टू’ने का? पहिली सर्व्हिस मिळणाऱ्यांना जास्त फायदा होऊ नये म्हणून त्यांना एकच सर्व्हर दिला जातो. तो थेट ‘दुसरा’ म्हणून मोजला जातो. त्याची सर्व्हिस गेली की लगेच साइड आउट. काही जण ‘टू’ऐवजी ‘झिरो-झिरो-स्टार्ट’ म्हणतात. दोन्ही चालतं.

डोकं गरगरलं? अहो, आपल्या आजोबा-पणजोबांनी विटीदांडूत ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ मोजलं आहे. दक्षिणेकडच्या भाषांतले एक, दोन, तीन, चार मराठी पोरांनी मैदानात असेच खेळता खेळता उचलले. त्यापुढे ‘सात-पाच-एक’ म्हणजे किस झाड की पत्ती!

सर्व्हिस खालून, कमरेच्या खाली चेंडू ठेवून, तिरक्या चौकटीत. संधी एकच, टेनिससारखी दुसरी सर्व्हिस नाही. आणि सर्व्हिसचा चेंडू किचनच्या रेषेवर पडला तरी बाद! बाकीच्या रेषा मात्र ‘इन’. नेटला घासून बरोबर चौकटीत पडला तर? २०२१ पासून खेळ चालूच राहतो. ‘लेट, लेट’ म्हणून थांबाल तर रॅली गमवाल.

कबड्डीत लोण, इथे लोणचं!

अख्खा संघ बाद झाला की कबड्डीत ‘लोण’ चढतो. पिकलबॉलमध्ये ११-० ने हरलात तर तुम्ही ‘पिकल्ड’. थोडक्यात, तुमचं लोणचं घातलं!

एवढ्यावर भूक भागली नसेल तर पुढचा मेन्यू बघा. जोरच न लागल्यामुळे मध्येच मान टाकणारा फटका म्हणजे ‘फलाफल’. मारण्याआधी टप्पा पडूच द्यावा लागतो असा चेंडू म्हणजे ‘फ्लॅपजॅक’. एकाने जोरदार ड्राइव्ह मारायचा आणि उडालेला चेंडू जोडीदाराने पुढे झेपावून संपवायचा, ते ‘शेक अँड बेक’. आणि किचनमध्ये उभं राहून चुकून व्हॉली मारणारा? ‘व्हॉली लामा’! लामा हा दक्षिण अमेरिकेतला लोकरीचा प्राणी, कोर्टवर त्याचं काही काम नाही. तुम्ही तो होऊ नका, एवढंच.

कोण हा एर्न?

एर्न पेरी नावाचा खेळाडू किचनच्या कोपऱ्यावरून थेट पलीकडे उडी घ्यायचा आणि कोर्टबाहेरच्या जागेतून नेटला खेटून व्हॉली ठोकायचा. किचनला पाय लागलाच नाही, मग फॉल्ट कसला? त्या फटक्याचं नावच ‘एर्न’ पडलं. पहिला एर्न जमला की माणूस दिवसभर तोच किस्सा सांगत फिरतो, आणि सांगावाच!

याचा भाऊ ‘बर्ट’. आपल्या बाजूचा सोडून जोडीदाराच्या बाजूला झेपावत एर्न मारलात तर तो बर्ट. का? ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही मालिकेत बर्ट आणि एर्नी ही जोडी आहे म्हणून!

‘एटीपी’ ऐकून टेनिसची संघटना आठवली? इथे तो ‘अराउंड द पोस्ट’. चेंडू नेटच्या वरूनच गेला पाहिजे अशी सक्ती नाही. खांबाच्या बाहेरून वळसा घालून, अगदी जमिनीलगत गेला आणि समोरच्या कोर्टात पडला, तरी फटका वैध. पहिल्यांदा बघणारा हमखास भांडतो. भांडू द्या, नियम तुमच्या बाजूने आहे.

‘नॅस्टी नेल्सन’ हे खलनायकाला शोभेल असं नाव टिमोथी नेल्सन या खेळाडूवरून आलं. सर्व्हिस घेणाऱ्याच्या जोडीदाराला टप्प्याआधीच चेंडू लागला तर पॉइंट सर्व्हिस करणाऱ्याचा. काही जण मुद्दाम नेम धरतात! तेव्हा तुमची पाळी नसताना कोर्टच्या मधोमध रेंगाळू नका.

आणि ‘चेनसॉ सर्व्हिस’? झेन नव्रातिल या अमेरिकन खेळाडूने ती गाजवली. चेंडू पॅडलवर घासून आधीच गरगरता सोडायचा, मग मारायचा. समोरच्याची भंबेरी! इतकी, की नियमच बदलले. चेंडू सोडताना त्याला मुद्दाम फिरकी देणं २०२३ पासून पूर्ण बंद.

या खेळाची पत्रिका

साल १९६५, उन्हाळा. अमेरिकेत सिॲटलजवळचं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड यांच्या घरामागे जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण सामानाचा पत्ता नाही. घरातली मंडळी कंटाळलेली. प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लॅस्टिकचा चेंडू उचलला. हळूहळू नेट ६० इंचांवरून ३६ वर उतरलं. तिसरे मित्र बार्नी मॅकॲलम यांनी तळघरात करवतीने प्लायवूड कापून पॅडल बनवली. झाला खेळ तयार! हे प्रिचर्ड पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले आणि नंतर वॉशिंग्टन राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नरही झाले.

आता कॉलर ताठ करा. ज्या बॅडमिंटनच्या कोर्टवर हा खेळ जन्मला, त्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम कुठे बनले, माहीत आहे का? पुण्यात! १८७० च्या दशकात तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ते बांधले आणि खेळाला नाव होतं ‘पूना’. पिकलबॉल आजही बॅडमिंटन डबल्सच्याच मापाच्या कोर्टवर खेळतात. ४४ बाय २०, इंचाचाही फरक नाही. म्हणजे पिकलबॉलचं आजोळ आपल्याकडेच, असा दावा मी तरी ठोकून करेन.

‘पिकल’ हे नाव प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांनी दिलं. बोटींच्या शर्यतीत उरलेसुरले खेळाडू गोळा करून भरलेल्या नावेला ‘पिकल बोट’ म्हणतात. हा खेळही इकडून-तिकडून गोळा केलेला, म्हणून पिकलबॉल. त्यांच्या ‘पिकल्स’ नावाच्या कुत्र्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोड आहे, पण कुत्रा घरात आला तो खेळाच्या बारशानंतर!

१९८४ मध्ये तर पिकलबॉल विमानातच बसला. आर्लेन परांटो हे बोइंगमधले इंजिनिअर. विमानाच्या फरशीसाठी वापरतात तसल्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या हलक्या पॅनेलपासून त्यांनी पॅडल बनवलं. आजही अनेक पॅडलच्या पोटात पोळ्याचीच रचना असते.

२०२२ मध्ये वॉशिंग्टनने पिकलबॉलला राज्याचा अधिकृत खेळ जाहीर केलं. त्याच वर्षी लेब्रॉन जेम्स, टॉम ब्रेडी आणि केव्हिन ड्युरंट या बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या बड्या मंडळींनी मेजर लीग पिकलबॉलच्या संघांत पैसे घातले.

मुंबईकर कनेक्शन

भारतात हा खेळ आणण्याचं श्रेय एका मराठी माणसाचं : सुनील वालावलकर. कॅनडात त्यांनी पिकलबॉल पाहिला, तो इथे रुजवायचं मनावर घेतलं आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी केली. तेव्हा ‘पिकलबॉल’ म्हटल्यावर लोक बरणीच शोधायचे! आज कोर्टचा स्लॉट शोधतात. एवढा पल्ला गाठणाऱ्या या माणसाचं नाव प्रत्येक मराठी खेळाडूला पाठ असायला हवं.

आता एका घरातले तीन खेळ बघा. सांगलीचे नंदू नाटेकर, १९५६ मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. त्यांचा मुलगा गौरव नाटेकर टेनिसमध्ये गेला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिएंडर पेससोबत पुरुष दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. आणि त्याच गौरव यांनी पत्नी आरती यांच्यासह वर्ल्ड पिकलबॉल लीग सुरू केली. बॅडमिंटन अधिक टेनिस बरोबर पिकलबॉल, हे गणित या घराने जगून दाखवलं!

त्या लीगचा पहिला सीझन जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत सुरू झाला. जागा : क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडा, शेवटच्या स्टेशनला उतरा, पाच-दहा मिनिटं चाला, पोहोचलात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली.

भोकं मोजा!

चेंडूचं वजन २२ ते २६.५ ग्रॅम, भोकं २६ ते ४०. सहसा इनडोअरच्या चेंडूला २६ मोठी भोकं, आउटडोअरच्या चेंडूला ४० बारीक. का? बारीक भोकांचा टणक चेंडू वाऱ्याला फारशी दाद देत नाही. खाडीच्या आणि समुद्राच्या मधोमध राहणाऱ्या मीरा-भाईंदरकरांनो, हे लक्षात घ्या. उघड्या टर्फवर इनडोअरचा चेंडू नेलात तर खेळ तुम्ही कराल आणि पॉइंट वारा घेईल.

आणि तो ‘टॉक-टॉक’ आवाज! कडक पॅडलवर कडक चेंडू, वर आवाजाची पट्टी उंच, हजार-बाराशे हर्ट्झच्या आसपास. अमेरिकेत यावरून शेजाऱ्यांनी कोर्टाविरुद्ध कोर्टात धाव घेतली आहे! सोसायटीच्या पोडियमवर कोर्ट आखायचा ठराव मांडणार असाल तर बेडरूमच्या खिडक्यांपासून लांबचा कोपरा निवडा आणि आवाज कमी करणारी पॅडल घ्या. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. रात्री दहानंतर खेळलात तर सेक्रेटरींचा फोन ठरलेला.

‘तुझा डुपर किती?’

सुपर-डुपरमधला डुपर नव्हे. हे डीयूपीआर नावाचं रेटिंग, २.००० पासून ८.००० पर्यंत. खासियत काय? वय, स्त्री-पुरुष असे वेगळे तक्ते नाहीत, एकच पट्टी सगळ्यांना. कॉलेजातला मुलगा आणि निवृत्त शिक्षिका एकाच यादीत. शिक्षिकाबाई वर असतील तर आश्चर्य मानू नका, डिंक त्यांचाच चांगला असतो.

एकट्याने जायचा संकोच वाटतो? मग ‘ओपन प्ले’ हा शब्द शिका. जोडीदार आणायची गरज नसते. पॅडल रांगेत ठेवायचं, पॅडलचा नंबर लागला की तुमचा नंबर लागला. अनोळखी चौघं एकत्र येतात आणि ११ पॉइंटनंतर ओळख पक्की. मध्येच शेजारच्या कोर्टवरचा चेंडू घरंगळत आला तर लाजू नका, ‘बॉल ऑन कोर्ट!’ असं खणखणीत ओरडा. पायाखाली चेंडू आला तर घोटाच जातो, तेव्हा हा शब्द सगळ्यांत आधी पाठ करा.

चेंडू इन की आउट? पंच नसेल तर आपल्या बाजूच्या रेषेचा निकाल आपणच द्यायचा. नीट दिसलं नाही तर? नियम सांगतो, शंकेचा फायदा समोरच्याला.

गेम संपला की हस्तांदोलन नाही, चौघांनी नेटजवळ येऊन पॅडलला पॅडल हलकेच भिडवायचं, ‘पॅडल टॅप’. मग पॅडल पुन्हा रांगेत. पुढचा नंबर लावून ठेवा, शनिवार-रविवारी गर्दी असते!